परक्या समुद्रावरचा दहावा

राजापेठ, अमरावती
२ डिसेंबर

कुलदीप,

नावाच्या आधी जो शब्द लिहायची रीत आहे तो लिहिलेला नाही. विसरले म्हणून नाही.

तुझे फोन येतात, मी घेत नाही. शिवमच्या फोनवर केलास तर तो फोन हातात धरून माझ्यापुढे उभा राहतो आणि मी स्वयंपाकघरात निघून जाते. भाऊ असला तरी त्याच्याशीही मी कामापुरतंच बोलते. फोनवर तू नेहमी जिंकतोस. "आधी शांत हो" इथून सुरुवात करतोस, आणि मी शांत झाले की भांडण मिटलं असं धरून चालतोस. मेलमध्ये तुला मधेच बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

जानेवारीचं तिकीट काढू का, असं तू विचारलंस. बोलोन्याचं घर, तुझं नवीन काम, सगळं माझ्या येण्यावर अडलंय म्हणालास. उत्तर देईन. आधी माझं ऐकून घे.

बाबा सात नोव्हेंबरला गेले. मला एकोणीस तारखेला कळलं, तेरवीच्या दिवशी. मधले सगळे दिवस आपण दोघं गाडी घेऊन समुद्राच्या कडेकडेनं हिंडत होतो. हे एवढं वाक्य मी रोज मनातल्या मनात म्हणून पाहते. अजून ते माझ्याबद्दलचं वाटत नाही.

इथं बायका भेटायला येतात. बसतात, डोळ्यांना पदर लावतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "मातीले होती का वं तू?" मी नाही म्हणते. "मंग तेरवीले?" त्यालाही नाही. पुढं कोणी काही विचारत नाही. चहा घेतात, उठतात, आणि फाटकापाशी गेल्यावर आपसात बोलतात. लेक बाहेरदेशी फिरायला गेली होती, ती काही परत फिरली नाही, हे आता राजापेठेपासून दर्यापूरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मला माहीतच नव्हतं, असं सांगायला गेले तर कोणाला खरं वाटणार? ऐकणारीला वाटेल, मेल्या बापाच्या नावावर बहाणे करते.

नोव्हेंबरात इटलीतला किनारा बंद असतो हे तुला ठाऊक होतं, मला नव्हतं. 'किउझो', म्हणजे बंद, हा शब्द मी त्याच प्रवासात शिकले. हॉटेलावर किउझो, आईस्क्रीमच्या दुकानावर किउझो, छत्र्या मिटून दोरीनं बांधलेल्या, वाळूत एक कुत्रं नि एक म्हातारा. एका बाजूनं रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूनं पाणी. आणि मला ते फार आवडलं होतं, कुलदीप. खोटं कशाला बोलू. आपल्या वऱ्हाडात पाणी म्हटलं की नळ कधी येणार एवढाच विचार. तिथं एवढं पाणी आणि बघायला आपण दोघंच. पाण्यात लाकडी खांबांवर मासेमारीची मचाणं उभी होती. शेतात जागलीला बांधतात तशीच. मी गाडी थांबवायला लावली आणि बाबांसाठी फोनवर बोलून ठेवलं, "बाबा, इथले लोक समुद्राची जागल करतात."

बाबांना ऐकू कमी यायचं, म्हणून मी असं बोलून शिवमला पाठवायचे आणि तो फोन त्यांच्या कानाशी धरायचा. समुद्र पाहून ये आणि मले सांग कसा राह्यते, असं त्यांनीच म्हटलं होतं. मी रोज सांगत होते. शिवमचं उत्तर यायचं, 'बाबांनी ऐकलं. खुश झाले.' सात तारखेनंतरही येत राहिलं.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. शिवमचा पहिला फोन तुला कधी आला, आणि तेव्हा आपण कुठं होतो? खरं सांग. माझं येणं न येणं त्यावर ठरेल.

प्रणाली


राजापेठ, अमरावती
९ डिसेंबर

कुलदीप,

तुझं उत्तर मिळालं. सात तारखेला सकाळी, वास्तोला, नाश्त्याच्या वेळी. बाबांना झोपेतच झटका आला, कोणाला काही करायला वेळच मिळाला नाही. मातीला मी पोचले नसते, दोन दिवस विमानतळांवर रडत काढले असते, म्हणून तू ठरवलंस की प्रवास पुरा होऊ द्यायचा. तू ठरवलंस. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी काय सोसू शकते नि काय नाही हे अजून तूच ठरवतोस.

पुढं तू लिहिलंस, "मी बाबांचं सगळं रीतसर केलं आहे. पोटच्या मुलानं केलं नसतं इतकं मनापासून केलं."

याचा अर्थ मला आधी कळला नाही. मग फोनमधले फोटो उघडून बसले.

वास्तोची सकाळ. तू फोन घेऊन बाहेर गेलास, परत आलास आणि म्हणालास, आंघोळ करून येतो. मी हसले. तासाभरापूर्वीच केली होतीस की. निधनाचं कळल्यावर अंगावर पाणी घ्यायचं असतं, ते तू घेतलंस. खाली आलास तेव्हा तुझ्या बशीत जॅम भरलेली ती त्यांची गोड पाव-वळी होती. ती तू माझ्याकडे सरकवलीस. "तू खा, मला नको." मी माझीही खाल्ली आणि तुझीही. बाबा तेव्हा घरात जमिनीवर होते.

मग दाढी. रोज सकाळी आरशापुढं अर्धा तास घालवणारा माणूस एकदम गोसाव्यासारखा दिसायला लागला. मी म्हटलं, कोणता नवस बोललास? तू म्हणालास, थंडी आहे, राहू दे. तेर्मोलीला बंदरावर एकच खानावळ उघडी होती. तू अकोल्याचा असून मासे म्हटले की आधी धावणारा. तिथं मालकीणबाई ताजे मासे दाखवत होती आणि तू उकडलेले बटाटे मागवलेस. मी तुझ्या पोटाची काळजी केली. ओवा नाही आणला म्हणून मलाच बोल लावला.

आणि सोळा तारीख. आपण व्हिएस्तेला होतो, भाड्याच्या घरात. तू सकाळी उठून भात लावलास. मीठ घातलं नव्हतंस, मी चाखून सांगितलं तर म्हणालास, राहू दे, पक्ष्यांसाठी आहे. किनाऱ्यावर बंद टपऱ्यांच्या पुढं एका दगडावर तू त्याचा गोळा ठेवलास. दक्षिणेकडं तोंड केलंस. हात जोडलेस. मी मागून हसत होते. कावळा तिथं कुठला, एक मोठा समुद्रपक्षी आला, गोळा एका झडपेत घेऊन गेला. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं तर वारा म्हणालास.

माझ्या बापाचा दहावा होता तो. आणि मी त्याचा व्हिडिओ काढला. हसण्याच्या आवाजासकट. तो शिवमला पाठवला आणि लिहिलं, बाबांना दाखव, जावई बघ कसे पक्षी जेवू घालतात. शिवम त्या वेळी पूर्णेच्या काठावर डोकं भादरून बसला होता. त्यानं तिथून मला अंगठा पाठवला.

तुला यात चूक दिसत नाही, हेच मला सहन होत नाही. तू सुतक पाळलंस म्हणून तुला वाटतं की तू चांगला जावई आहेस. असशील. पण ते सुतक माझं होतं. लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवसांचं असतं म्हणतात, तेवढं तरी माझं होतं. ते तू माझ्या पाठीमागं पाळलंस आणि मला मासे खाऊ घातलेस. मी माझ्या बापासाठी एक दिवस उपाशी राहिले नाही. मला तो दिवस माहीत असता तर मी त्या गार वाळूत बसून राहिले असते, दुसरं काही केलं नसतं. तेवढंसुद्धा तू ठेवलं नाहीस.

एकोणीस तारखेचं तर लिहायलाही नको वाटतं. बोलोन्याला परत आलो. तू दाढी केलीस, मला नवा कुर्ता घालायला लावलास, शिरा केलास. पहिला घास स्वतःच्या हातानं भरवलास. मी पोटभर खाल्ल्यावर मला पलंगावर बसवलंस आणि सांगितलंस. आधी सांगितलं असतंस तर मी खाल्लं नसतं आणि तुझी तेरवी अडली असती. माझं दुःख सुरू व्हायच्या आधीच तू त्याचं तोंड गोड करून मोकळा झालास.

तरीही, तू लिहिलेलं एक मी धरून आहे. बाबा झोपेत गेले, वेळच नव्हता. हे खरं असेल तर बाकीचं मी कधीतरी गिळेन. तिकीट अजून काढू नकोस, पण मी नाहीही म्हणत नाही.

प्रणाली


दर्यापूर
१७ डिसेंबर

कुलदीप,

जमुना आत्याला भेटायला आले आहे. बाबांची मोठी बहीण, बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी हीच होती. मला वाटलं होतं, ती मला दारात उभी करणार नाही. जीपमधून उतरले तेव्हा ती ओट्यावर तूर पाखडत होती. मला पाहून सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "आली का? ये. तुये पाय धू, मंग बोलू."

पाय धुतले, जेवले. मग मी म्हटलं, आत्या, बाबा झोपेत गेले हे एक बरं झालं. त्यांना त्रास झाला नाही.

ती म्हणाली, "झोपेत? तुले कोनं सांगितलं?"

मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते. यातलं एक अक्षर माझं नाही.

"चार दिवस होता वं तुया बाप दवाखान्यात. छातीत कफ भरला होता, पन बोले चांगला. सकाळ झाली का इचारे, प्रणाली कुठवर आली. शिवमनं सांगितलं, निघाली. मंग सांगितलं, मुंबईले उतरली. मंग सांगितलं, नागपूरच्या इमानात बसली. मी म्हटलं, असंन बाप्पा, मले का समजते त्यातलं. पन तुया बाप काही येडा नव्हता. तो म्हने, शिवम मले भुलवून राहिला. जावईबापूले लाव फोन."

शिवमनं लावला. मोठ्या आवाजावर ठेवून बाबांच्या कानाशी धरला. खोलीत आत्या होती, नर्स होती. तू म्हणालास, "निघालो बाबा, रस्त्यातच आहोत. प्रणाली माझ्यासमोर गाडीत बसली आहे."

तो फोन मी पाहिलेला आहे, कुलदीप. पाच तारखेला, अँकोनाच्या पुढं, पेट्रोल पंपावर. तू गाडीबाहेर उभा राहून फोनमध्ये ओरडत होतास. काचा बंद होत्या, मला ऐकू येत नव्हतं. तू बोलता बोलता माझ्याकडे बोट केलंस आणि मी काचेतून हात हलवला. मी विचारलं, कोण होतं? तू म्हणालास, हॉटेलवाला, त्याला नीट ऐकू येत नाही.

बाबा जिवंत होते. शुद्धीत होते. पंपावरून अँकोनाचा विमानतळ अर्ध्या तासावर होता, पाटी मी स्वतः वाचली होती.

फोन ठेवल्यावर बाबा आत्याला काय म्हणाले ते पण लिहिते, तुला माहीत असायला पाहिजे. "शिवम फेकते, पन जावई खोटं नाई बोलनार. येते आता पोरगी." त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. दोन दिवस शांत पडून राहिले आणि गेले.

मी लगेच शिवमला फोन केला. आधी तो रडला, मग बोलला. तीन तारखेला त्यानं तुला कळवलं, ताईला पाठवा म्हणाला. तू म्हणालास, दोन दिवस बघू. याआधी दोनदा ती अशीच धावत आली होती आणि बाबा खाटेवर बसून चहा पीत होते, हेही तू त्याला सांगितलंस. ते खरं आहे. दोन्ही वेळा मी आले आणि दोन्ही वेळा बाबा हसून म्हणाले, आलीस का, बरं झालं. तुझ्या लेखी त्या दोन खेपा वाया गेल्या. माझ्या लेखी त्या दोन खेपा आहेत म्हणून मी आज उभी आहे.

आत्या म्हणते, शांतपणे गेला, लेक येते या आशेवर गेला. हे वाचून तुला बरं वाटेल. तू म्हणशील, बघ, मी त्यांना समाधान दिलं. मला त्यांचं असलं समाधान नको होतं. माझी वाट पाहायचा त्यांचा हक्क होता, मी आले नाही म्हणून मला शिव्या घालायचाही हक्क होता. तू त्यांच्याकडून ते काढून घेतलंस आणि त्यांनी तुझे आभार मानले असतील.

मी तुला साधा प्रश्न विचारला होता, पहिला फोन कधी आला. माझं जगणं त्यावर ठेवलं होतं, आणि तेही तुला माहीत होतं. तरी तू सात तारीख लिहिलीस.

तिकिटाचं उत्तर आता तयार आहे. पण ते मेलवर देणार नाही, तुझ्या आईच्या समोर देणार आहे. त्यांनी मला लेकीसारखं ठेवलं, त्यांच्या कानावर दुसऱ्याकडून जायला नको. उद्या अकोल्याला जाते.

प्रणाली


अकोला
२१ डिसेंबर

कुलदीप,

तुला दोनदा फोन लावला, लागला नाही. तिकडं अजून उजाडायचं असेल. हे वाचलंस की लगेच फोन कर. या वेळी मी घेईन.

तुझ्या आईला आज सकाळी लकवा मारला आहे. उजवा हात आणि पाय गेला आहे, तोंड एका बाजूला वाकलं आहे. चहा ओतत होत्या, किटली हातातून सुटली. शेजारच्या धर्मपाल भाऊंच्या ऑटोत घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणतात उद्या सकाळपर्यंत काही सांगता येत नाही. वय आहे, साखर आहे. शुद्ध पूर्ण आहे, माणसं ओळखतात, बोलणं जड झालंय पण मला समजतं.

तीन दिवस मी त्यांच्याजवळ आहे. आल्या संध्याकाळीच सगळं सांगितलं, पेट्रोल पंपासकट. त्यांनी तुझी बाजू घेतली नाही. म्हणाल्या, "पोटचा हाय माह्या, पन हे त्यानं वाईट केलं. तुयं मन नसन तं जाऊ नको." नंतर दोन दिवस आम्ही दोघी पापड लाटत होतो, तुझा विषय निघाला नाही. माझ्या बोलण्यानं त्यांना हे झालं असं उद्या कोणी म्हणेल. तूही म्हणशील कदाचित. मी त्याला उत्तर देणार नाही, कारण मलाही ते माहीत नाही.

ऑटोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पहिलं वाक्य त्या कष्टानं बोलल्या ते हे, "कुलदीपले सांगू नोको. उगा घोर लागीन त्याले."

डॉक्टर आत तपासत होते तेवढा वेळ मी बाहेर बाकावर बसले होते, आणि माझ्या मनात आलं ते लपवत नाही. वाटलं, त्यांचं ऐकावं. नाहीच सांगावं. तू फोन केलास तर म्हणावं, झोपल्या आहेत, देवळात गेल्या आहेत, तुझी आठवण काढत होत्या. काही बरंवाईट झालं तर इथं सगळं रीतसर करावं आणि तू सुट्टीवर आलास की जेवू घालून मग सांगावं. हा विचार मला गोड लागत होता. कितीतरी दिवसांत मला काही इतकं गोड लागलं नव्हतं.

मग आत बोलावलं. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या, सांगू नको. मी म्हटलं, आई, मी सांगणार. त्या रागावल्या. वाकड्या तोंडानं मला हट्टी म्हणाल्या. म्हणू देत.

तर हे सांगितलं. त्या यातून वाचतील की नाही मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. आज निघालास तर परवा इथं पोचशील. दोन दिवस बघू, असं म्हणायचं असेल तर तेही तुझ्या हातात आहे. पण नंतर कधी कोणी मला कळवलं नाही असं म्हणता येणार नाही तुला.

आणि दुसरं. मी तुझ्याबरोबर परत येणार नाही. जानेवारीत नाही, त्यानंतरही नाही. असल्या दिवशी हे बोलू नये, पण अर्धं सांगून अर्धं ठेवायचं मला आता जमत नाही. तू येशील तर आईसाठी ये, बायकोला न्यायला म्हणून येऊ नको. तू येईपर्यंत त्यांचं अंग पुसणं, औषध, सगळं मी करते आहे. त्याची काळजी नको.

मी तुला सांगणार म्हटलं तेव्हापासून त्या रागानं माझ्याशी बोलत नाहीत. नुसत्या दाराकडे बघताहेत. कोणी चपला काढल्या, नर्सनं ट्रे ठेवला, की मान तिकडं वळते. तुला कळवलं, एवढं मी त्यांना सांगितलं आहे. तू येतोस, हे मात्र सांगितलेलं नाही, आणि तू खरोखर विमानात बसल्याशिवाय सांगणार नाही. तोवर बघू दे त्यांना दाराकडे.

प्रणाली